शिळी गुढी

आमच्या घरची गुढी पाडव्याला उभी राहत नाही. ती दुसऱ्या दिवशी, द्वितीयेला उभी राहते. साऱ्या कर्जतच्या गुढ्या उतरल्या, पोरांनी साखरेच्या गाठी चोखून संपवल्या, कडुलिंबाचे डहाळे उकिरड्यावर गेले, की मग आमची काठी बाहेर निघते. बाजारातले लोक तिला ‘शिळी गुढी’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही. पण भिंतीला कान असतात आणि मला तर चांगले दोन आहेत.

थोरली सून लग्न होऊन आली आणि पहिल्याच चैत्रात तिने विचारलं, “सासूबाई, आपल्यात गुढी एक दिवस उशिरा का?” मी म्हटलं, “कुळाचार आहे.” हा शब्द फार कामाचा. त्याच्यापुढे सहसा कुणी ‘का’ विचारत नाही. पण सून चौकस. तिने जोशीबुवांना गाठलं. जोशीबुवांना ‘ठाऊक नाही’ म्हणायची सवय नाही. आमच्या कुळातल्या कुणा मूळपुरुषाला पाडव्याच्या दिवशी सुतक आलं, तेव्हापासून हा नेम, असं त्यांनी सांगितलं आणि वर अर्धा श्लोकही म्हटला. मीही तो श्लोक पहिल्यांदाच ऐकत होते, तरी हात जोडले. सुनेने तो नेम असा उचलून धरला की परवा ती धाकटीला दटावत होती, “पाडव्याला गुढी उभारली ना, तर घरचा कर्ता पुरुष मुका होतो!” मला हसू आवरेना. आमचा कर्ता पुरुष त्याच्या कितीतरी आधीपासून मुका आहे.

हा कुळाचार माझ्याहून म्हातारा व्हायच्या आत खरं काय घडलं ते लिहून ठेवावं म्हणते. गोष्ट फार जुनी नाही, वीस-बावीस वर्षांपूर्वीची. त्यात मूळपुरुष नाही, सुतक नाही आणि श्लोक तर नाहीच. आहे ती दोन माणसांची चूक. नावं मी कुणाचीच घालणार नाही. यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, आणि बाकीच्यांची घेतली तर त्यांतली बरीच माणसं अजून भांडायला जिवंत आहेत.

माझं माहेर खोपोलीजवळच्या खालापूरचं. वडिलांचं किराणा मालाचं दुकान, घराला लागूनच. दुकान म्हणजे सकाळपासून बोलणं. गुळाच्या ढेपेबरोबर गावच्या बातम्या जायच्या आणि मिरच्यांबरोबर यायच्या. घरात आम्ही जेवताना बोलायचो, भांडताना बोलायचो, आणि झोपेत माझा भाऊ बोलायचा. अशा घरातली मुलगी लग्न होऊन कर्जतला आली ती स्टेशनावरच्या तारबाबूच्या खोलीत.

तारबाबू म्हणजे दिवसभर तारेच्या यंत्रापुढे बसून कडकट्ट करणारा माणूस. तारेत शब्द मोजून घालायचे असतात. जास्तीचा शब्द म्हणजे गुन्हा. हे तेवढं स्टेशनातच राहिलं असतं तर माझी ना नव्हती. पण यांनी ती शिस्त घरी आणली. मी विचारायची, “भाजी कशी झाली?” उत्तर यायचं, “मीठ.” म्हणजे कमी की जास्त, ते चेहऱ्यावरून ओळखायचं. आणि चेहरा हा असा, की तो ओळखण्यापेक्षा भाजी चाखून बघणं सोपं. जेवताना उजवा हात घासाला आणि डाव्या हाताचं बोट पाटावर: कट्ट, कडकट्ट, कट्ट. मला वाटायचं, तोंडाने बोलता येत नाही म्हणून माझ्याविषयीच काही गोड वाजवत असतील. वर्षभर मी त्या कडकट्टावर खूश होते. एकदा धीर करून विचारलं, “काय वाजवता हो?” म्हणाले, “मालगाडी सुटली.”

तरी खोटं कशाला बोलू, माणूस मला आवडायचा. मला लिहाय-वाचायला शिकवलं ते यांनीच, तारेच्या पाठकोऱ्या कागदांवर. माझा हात धरून ‘ग’ गिरवून घ्यायचे तेव्हा श्वास रोखून धरायचे, जणू दौत माझ्याच डोक्यावर ठेवली आहे. मी त्यांच्यावर जीव टाकत होते. त्यांच्या मनात काय आहे, एवढंच मला कळत नव्हतं. आणि दुकानातल्या मुलीला न कळणं सोसत नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक काय घेणार ते पायरी चढायच्या आत कळायचं.

श्रावणात मंगळागौरीसाठी न्यायला भाऊ आला होता. ट्रंक भरता भरता मी यांना सहज, म्हणजे रात्रभर घोकून ठेवलेलं, विचारलं, “मी इथे नसले तर तुम्हाला काही वाटेल का?”

यांनी विचार केला. खरोखरच केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, “अनुभव नाही.”

आता इतक्या वर्षांनी मला कळतं की उत्तर प्रामाणिक होतं. लग्नापासून मी एक दिवसही त्यांना सोडून राहिले नव्हते. पण तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ट्रंकेचं झाकण आपटलं आणि म्हटलं, “मग घ्या अनुभव!” आठ दिवसांसाठी निघालेली मी, आणखी चार लुगडी ट्रंकेत कोंबून गेले.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. मी काही निरोप धाडला नाही. भाद्रपदात यांचं पत्र आलं. सगळं पत्र इथे लिहिते, कागदाला भार होणार नाही: ‘नवे वर्ष लागताच न्यायला येतो. तयार असावे.’

सात शब्द. मी ते सातशे वेळा वाचलं असेल. वडिलांनी चष्मा लावून एकदाच वाचलं आणि म्हणाले, “बोललो नव्हतो? मानूस चांगला हाय. दिवाळीच्या पाडव्याला येतोय.”

आमच्या घरात हे सांगावंही लागत नव्हतं. व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला लागतं. नव्या वहीला कुंकू लावायचं, तराजूची पूजा करायची, की नवं वर्ष. आता साडेतीन मुहूर्तांत हा पाडवा अर्धा धरतात; पण त्या अर्ध्यावर माझे वडील आख्खं वर्ष चालवत.

दिवाळी आली. पाडव्याला बायकोने नवऱ्याला ओवाळायचं असतं. मी पहाटे न्हाले, नाकात नथ घातली, ताटात निरांजन लावून वाट बघत बसले. निरांजनात तीनदा तूप घातलं. दुपार झाली. रस्त्यावर छकडा वाजला की आई धावत बाहेर जायची आणि चालत आत यायची. शेवटी चुलती म्हणाली, “ताट तसंच ठेवू नको गं, अपशकुन. ओवाळ कुनाला तरी.” वडील म्हणाले, “तराजूला ओवाळ.” मी तराजूला ओवाळलं. तराजूने ओवाळणी घातली नाही आणि शब्दही बोलला नाही. तेवढं यांच्याशी साम्य होतं.

वडिलांनी त्याच आठवड्यात पत्र धाडलं: तुमच्या शब्दावर आम्ही विसंबलो, तुम्ही शब्द पाळला नाहीत, आता मुलगी येणार नाही. चांगलं चार पानी पत्र. तीन पानं आमच्या घराण्याच्या सचोटीची. त्याचं उत्तर आलं ते नव्या निघालेल्या पोस्टाच्या कार्डावर. कार्डभर एकच अक्षर.

‘का?’

वडील कार्ड उलटं करून बघू लागले, कुठे बाकीचं राहिलं की काय. मग जे भडकले! आधी त्यांना अपमान झोंबला की आख्खं कार्ड कोरं वाया घालवलेलं झोंबलं, ते मी आजही सांगू शकत नाही. “सगळी जागा मोकळी सोडलीन! आनि ह्यो पुढं आकडा कसला?”

“प्रश्नाचं चिन्ह आहे ते. इंग्रजीत घालतात,” मी म्हटलं.

“मला तर मासं धरायचा गळ दिसतोय. आमी काय मासं हाव, गळ टाकायला?”

त्या कार्डाला उत्तर गेलं नाही. तोवर खालापुरात ‘टाकली’ हा शब्द आमच्या ओट्यापर्यंत येऊन पोचला होता. विहिरीवर मी गेले की बोलणं थांबायचं. आमच्या गावात बोलणं थांबणं म्हणजे काय, हे खालापूरच्या माणसालाच कळेल. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं काय होतं, ते मी आमच्याच आळीत बघितलं होतं. ती भावाच्या घरी भांडी घासत म्हातारी झाली, आणि कुणी तिला काही विचारत नसे. मी हसत होते, भावाला चिडवत होते, दुकानात मदत करत होते. आणि ते कार्ड चोळीत घेऊन फिरत होते. ‘का?’ म्हणजे काय? का आणू, असं? का राहावं तुझ्याबरोबर, असं? एका अक्षरात माणूस किती रडू शकतो, ते मला त्या हिवाळ्यात कळलं. पौष आला, गेला. मी वाल सोलत बसले होते.

फाल्गुन सरत आला तसं एके दिवशी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “आता नवं वर्स लागंल. बाय, जावई येतील बघ.”

वडील दुकानातून ओरडले, “नवं वर्स दिवाळीत लागलं! आता पुढल्या दिवाळीला.”

“ते तुमच्या वह्यांचं! मानसांचं चैत्रात लागतं. गुढी काय उगाच उभारतात?”

“तीस वर्सं ह्या घरात ऱ्हाऊन तुला अजून नवं वर्स ठाव नाय?”

“आनि तुमाला? तुमच्याबरं तीस वर्सं मी चैत्रात वर्स मोजतेय!”

आई घाटावरची. दोघांनी तीस वर्षं एका चुलीवर संसार केला, सहा मुलं वाढवली, आणि आपलं वर्ष वेगवेगळ्या दिवशी लागतं हे दोघांनाही त्या दिवशी कळलं. ते पुढे बराच वेळ भांडत होते. मी मात्र हातातलं उलथनं घेऊन जागच्या जागी उभी होते. यांचं नवं वर्ष चैत्रातलं असेल तर? तर यांनी शब्द मोडलाच नव्हता. दिवाळीत न आलेल्या माणसाला आम्ही चार पानं ऐकवली होती, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी एवढंच विचारलं होतं, का?

मी ठरवलं, आता त्यांनी यायचं नाही. मी जायचं. चूक आमची, पाय माझे.

वडील म्हणाले, “न बोलावता लेक सासरी जाते व्हय?” मी म्हटलं, “सात शब्दांत बोलावलंय.” पाडव्याच्या दिवशी उजाडायच्या आत भावाने बैलगाडी जुंपली. आई मागे लागली, गुढी बघून तरी जा. मी म्हटलं, “माझी गुढी माझ्या दारात.” बोचक्यात कलशासाठी तांब्या, साखरेची गाठ, कडुलिंबाचा डहाळा आणि पितळी डब्यात पुरणपोळ्या. गुढीची काठी भावाने गाडीला आडवी बांधली. ती वाटेत दोन झाडांना आणि एका म्हशीला लागली.

वाटेत रुळांचं फाटक लागतं. तिथे आम्हाला थांबावं लागलं, कारण कर्जतहून खोपोलीला जाणारी गाडी यायची होती. भाऊ बैलांना सोडून गाडी बघायला पळाला, बैल भलतीकडे निघाले, मी त्याला हाका मारून मारून शिव्या घालत होते. तेवढ्यात डबे आले. खिडक्यांतून पुरुष बाहेर बघत होते. परपुरुषांनी बघायला नको म्हणून मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि तोंड फिरवलं. तोंड मात्र चालूच होतं. एवढी मर्यादा पाळल्याची शिक्षा पुढे चोवीस तास भोगली.

कर्जतला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खोलीच्या दाराला कुलूप.

पाडव्याच्या दिवशी कुलूप! म्हणजे हा माणूस आला नाही, येणारही नव्हता, आणि घर बंद करून कुठेतरी निघून गेला. भावाने कुलूप हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, “तोडू?” मी म्हटलं, “ते रेल्वे कंपनीचं आहे. तोडलंस तर बहिणीला पोचवायला येऊन मेहुणा तुरुंगात गेला असं होईल.” मग मी पायरीवर ट्रंक ठेवली आणि ट्रंकेवर बसले. रडायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवलेलं फार वेळ टिकलं नाही.

शेजारच्या खोलीतली मुसलमान बाई बाहेर आली; तिला आम्ही सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिचा नवरा मूळचा पनवेलकडचा, स्टेशनाबाहेर त्याची लाकडाची वखार होती. तिने आधी मला बघितलं, मग गाडीला बांधलेली काठी बघितली, आणि कपाळावर हात मारला.

“या खुदा! तू हितं? आगं, बाबू तुलाच आनायला गेला! सकाळच्या खोपोलीच्या गाडीनं!”

भाऊ म्हणाला, “ताई, ती गाडी आपन बघितली की.” त्या दिवशी त्याला मी मारलं नाही, ते सण होता म्हणून.

खालाने मला सगळं सांगितलं. यांच्याकडून तिने ते कसं काढलं असेल, ते तीच जाणे. म्हणाली, “तो बोलतो कुटं? मी इचारत गेले, तो मान हलवत गेला.” साहेबाच्या नव्या सालाला, म्हणजे पहिल्या जानेवारीला, सगळी इंजिनं शिट्या मारतात, स्टेशनमास्तर साहेब सगळ्यांना रजा वाटतो. त्याच्या आधीचे चार दिवस बाबूने खोली सारवून घेतली, फेरीवाल्याकडून एक हिरवं लुगडं घेतलं. “रंग मलाच दाखिवला. मी बोलले, ह्यो घे.” आणि त्या दिवशी कोट-पगडी चढवून बाबू दारात बसला तो दिवसभर बसूनच राहिला.

“मी बोलले, जा ना रं बाबा आनायला! तर बोलतो, ‘जबाब नाय.’ कसला जबाब, ते मला काय ठाव नाय.”

मला ठाऊक होता. त्या जबाबाचा प्रश्न माझ्या चोळीत होता. त्यांचं नवं वर्ष ना वडिलांचं होतं ना आईचं. ते साहेबाचं होतं! रजा साहेब देणार, कॅलेंडर साहेबाचं, तारेवरची तारीख साहेबाची. दिवसभर त्याच वर्षात राहणाऱ्या माणसाला दुसरं वर्ष असतं हे सुचलंच नसेल. त्यांच्या लेखी कार्तिकात आमचं पत्र आलं, तेव्हा नव्या वर्षाला चांगला दीड महिना बाकी होता. न मोडलेल्या शब्दाबद्दल चार पानं वाचून कुणीही विचारलं असतं, का? आणि मी पौषात वाल सोलत होते, त्यांतल्याच एखाद्या दिवशी हा माणूस पगडी घालून दारात बसला होता. त्या वालांची आठवण झाली आणि मला नव्याने रडू आलं.

खाला पुढे सांगतच होती. “मागल्या जुम्म्याला वखारीवर एक वानी आला. त्याच्या तोंडून कळलं, वान्यांचा साल दिवाळीत लागतो. मी लगेच बाबूला सांगितलं, तुज्या सासऱ्याचा साल तर कवाच लागून गेला! तर मटकन खाली बसला. बोलला, ‘चूक.’ मग लई येळानं बोलला, ‘पाडवा उरला.’ इतका बोलला बघ त्या दिवशी!” मग माझ्याकडे बघून तिने मान हलवली. “आमचा साल मोहरमला लागतो. फिरता हाय, कवा पावसात येतो, कवा उन्हात. पन घरात सगळ्यांचा एकच असतो. तुमच्यात तीन-तीन हायत, आनि नवरा-बायकोला एकाचाबी पत्ता नाय!”

तिने पाणी आणून दिलं. त्या काळी मी तिच्या घरचं पाणी प्यायची नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी तांब्या घेतला आणि घटाघटा प्याले. भावाने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग भिंतीकडे बघतच हात मागे केला; तहान त्यालाही लागली होती.

संध्याकाळी परतीची गाडी आली, पण हे तिच्यातून उतरले नाहीत. खोपोलीची गाडी दिवसातून एकदा जायची आणि एकदा यायची, तीही इंजिनाच्या मर्जीने. बसून बसून मी विचार करत होते, की ही नवी वर्षं काढली कुणी? जोशी सांगतात, ब्रह्मदेवाने पाडव्याला सृष्टी केली. कुणी सांगतं, शालिवाहनाने मातीचे शिपाई करून शत्रू जिंकला. कुणी सांगतं, राम घरी आला म्हणून गुढ्या उभारल्या. यातलं शेवटचं मला पटतं. कुणीतरी घरी येणार होतं, एवढंच खरं असणार. माझं तर मत असं आहे, की फार पूर्वी कुणी एक नवरा बायकोशी भांडला आणि त्याला परत जायचं होतं. पण साध्या मंगळवारी कसं जायचं? लाज वाटते. म्हणून त्याने एक दिवस काढला आणि सांगितलं, आजपासून सगळं नवं. लोकांना ही सबब इतकी आवडली की त्यांनी तिचा सण केला. पुढे ज्याचं भांडण ज्या ऋतूत झालं, त्याचं वर्ष त्या ऋतूत लागलं. हे मी एकदा जोशीबुवांना सांगितलं होतं. त्यांनी त्यावर श्लोक म्हटला नाही.

ती रात्र आम्ही खालाच्या ओसरीवर काढली. भावाने नऊ पुरणपोळ्या खाल्ल्या आणि झोपेत बैलांशी बोलला.

तिकडे खालापुरात काय झालं ते मला आईकडून कळलं. हे दुपारी दारात उभे राहिले. वडील ओट्यावरच होते. जावयाला काय काय सुनवायचं, याची पाच महिने तयारी केलेली. त्यांनी तोंड उघडलं, आणि यांनी हात जोडून म्हटलं, “चूक.” झालं! पाच महिन्यांची तयारी एका शब्दाने फुकट गेली. आई म्हणते, वडील नंतर दोन दिवस बेचैन होते. यांना पाटावर बसवलं, पहिली पोळी वाढली, आणि तेव्हा आईने सांगितलं की ती तर तुमच्याकडेच गेली. हे तोंडात घास घेऊन उठले. वडिलांनी खांदा धरून खाली बसवलं. सणाच्या दिवशी भरल्या ताटावरून उठू देतात होय! तोवर परतीची गाडी गेलेली होती.

द्वितीयेला सकाळी मी खालाच्या अंगणात तोंड धूत होते. गाडी यायला पुष्कळ अवकाश होता. आणि रस्त्याने हे येताना दिसले. पायी. पगडीपासून वहाणांपर्यंत लाल धूळ. कंपनीचा पास खिशात असलेला माणूस अंधारात निघून खालापूरहून कर्जतपर्यंत चालत आला होता, कारण गाडी उशिरा येते.

कुलूप काढलं. आत गेले आणि हिरवं लुगडं घेऊन बाहेर आले. भावाने सोडून ठेवलेल्या काठीकडे बघून म्हणाले, “काल राहिली.”

मग आम्ही गुढी उभारायला घेतली. पलीकडून रूळ बदलणारा सांधेवाला झेंडी घेऊन चालला होता, तो हसत ओरडला, “बाबू, पाडवा काल झाला!” खाला दारातून म्हणाली, “ज्याचा काल झाला त्याचा झाला. तू जा, तुजी गाडी बघ.” हे काठी धरून उभे राहिले आणि मी लुगडं बांधत होते. गाठ बसत नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “काल फाटकापाशी तुमची गाडी गेली. मी एवढी ओरडत होते. माझा आवाज ऐकला नाही?”

“ऐकला.”

“मग? ओळखला नाही?”

“ओळखला.” यांनी काठी सरळ केली. “पण तो रोजच ऐकू यायचा.”

माझ्या हातातून गाठ सुटली. यांनी काठीवरची नजर काढली नाही. कान लाल झाले होते. म्हणाले, “अनुभव आला.”

त्या दोन शब्दांवर मी आजवर संसार केला आहे. दर द्वितीयेला हे काठी धरतात, मी लुगडं बांधते, तेच हिरवं, आता जागोजागी विरलेलं. आणि दर वर्षी मी चिडवायला विचारते, “मी नसले तर काही वाटेल का?” हे म्हणतात, “आला ना एकदा.” सुना म्हणतात, हाही कुळाचारच असेल.

या चैत्रात मात्र उलटं झालं. हिवाळ्यात यांचा खोकला फार वाढला होता. दोन महिने अंथरुणावर होते. द्वितीयेला सकाळी सुनेने काठी माझ्याजवळ दिली, तर हे भिंतीला धरून उठले, बाहेर आले आणि काठी आपल्या हातात घेतली. मी गाठ मारत होते. दर वर्षीचं विचारायला मला धीर होईना, म्हणून मी गप्प राहिले. मी गप्प आहे हे बघून यांनीच विचारलं, “मी नसलो तर?”

मला इतकं बोलायचं होतं. सगळं खालापूर माझ्या तोंडाशी आलं होतं. पण दोनच शब्द निघाले.

“अनुभव नाही,” मी म्हटलं, आणि काठीवरच्या त्यांच्या हातावर माझा हात धरून ठेवला.